शिक्षणमंत्री साहेब, नुसत्या सहीला बोलावू नका

मंत्रीसाहेब, नमस्कार.

दिव्यांग मुलांसाठी शाळेत वैयक्तिक शिक्षण आराखडा करतात ना, ज्याला सगळे आयईपीच म्हणतात, त्याबद्दल लिहितेय. रॅम्प, निधी, साहित्यवाटप यावर बरेच जण लिहितात, लिहायलाच हवं, पण हा कागद कोण भरतं आणि कसा, हे कुणी विचारतच नाही.

होतं काय, तर आराखडा आधीच भरलेला असतो आणि पालकांना फक्त सहीला बोलावतात. आत उद्दिष्ट काय, तर "वाचन सुधारणे", "वर्तन सुधारणे". किती, कधीपर्यंत, शिकवणार कोण, काहीच नाही! त्याऐवजी "पहिलं सत्र संपेपर्यंत चित्रं बघून दोन टप्प्यांची सूचना एकट्याने पाळेल" असं लिहा की, म्हणजे मूल पुढे सरकलं का ते सरांनाही कळेल आणि घरी आईलाही. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातलं कलम 16 सांगतं की प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या सहभागावर आणि प्रगतीवर लक्ष ठेवायचं, मग मोजताच येणार नाही असं लिहून ठेवलं तर लक्ष ठेवणार कशावर?

आणि मूल कुठल्या आवाजाला घाबरतं, औषधामुळे कुठल्या तासाला पेंगतं, बोलता येत नसलं तरी नजरेने हो-नाही कसं सांगतं, हे घरच्यांनाच माहीत असतं, दिव्यांगत्वाच्या सर्टिफिकेटवर ते येत नाही, तिथे नुसती टक्केवारी.

हा आराखडा भरणाऱ्या विशेष शिक्षकांवर (दिव्यांग मुलांना शिकवायचं प्रशिक्षण घेतलेल्या) माझा राग नाहीये हं. एकेकाला कितीतरी शाळा फिरायला लावल्यावर ते तरी काय करणार, कॉपी-पेस्टच होणार. सुप्रीम कोर्टाने 2021 मध्ये प्राथमिकला 10 दिव्यांग मुलांमागे 1 आणि त्यापुढे 15 मुलांमागे 1 विशेष शिक्षक हे प्रमाण सांगितलंय. ती पदं भरा, आणि कायमची भरा.

तोपर्यंत एक जीआर तरी काढा. आराखड्याचा मसुदा त्यावरच्या बैठकीच्या आठवडाभर आधी पालकांना समजेल अशा भाषेत द्यायचा, वर्गशिक्षकांनी बैठकीला बसायचंच (दिवसभर मूल त्यांच्याच वर्गात असतं!), मुलाला बोलून किंवा खुणेने सांगता येत असेल तर त्यालाही विचारायचं, आणि पालकांना पटलं नाही तर ते लिहायला कागदावर जागा ठेवायची. "पटत नसेल तर विशेष शाळेत घाला" हे उत्तर शाळेने पालकांना द्यायचं नाही, तेही त्या जीआरमध्येच टाका.

आपली,
एक पालक