एचआयव्हीच्या लसीसाठी पंधरा वर्षांचा शब्द द्या

माननीय केंद्रीय आरोग्यमंत्री यांस,
सप्रेम नमस्कार.

पश्चिम महाराष्ट्रातल्या एका एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीवरच्या गोळ्या मिळतात तिथे, मी समुपदेशक आहे. आमच्याकडे येणारी एक बाई गोळ्यांची बाटली हातात पडली की माझ्या टेबलाशीच उभी राहून नखाने तिचं लेबल खरवडते. मग झाकण उघडून वर आणखी कापूस दाबते. एसटीत बाटली खुळखुळली तर शेजारी बसलेलं कुणी विचारेल, ही धास्ती. परवा तिने विचारलं, "ताई, कोरोनाची लस वर्षात आली. आमची चाळीस वर्षांत का नाही?"

कोरोना झालेली बहुतेक माणसं बरी होत होती. शरीराला त्या विषाणूला हरवणं जमत होतं, लसीने तोच धडा आधी शिकवला. एचआयव्ही शरीराने स्वतःहून पुरता काढून टाकल्याची उदाहरणं मात्र जगात बोटांवर मोजण्याइतकी.

हा विषाणू स्वतःची नक्कल करताना सतत चुकतो आणि चूक दुरुस्तही करत नाही. शरीर काही आठवड्यांनी अँटिबॉडी तयार करतं, तोवर त्याचा चेहरा बदललेला असतो. वर पांघरूण साखरेचं. त्याच्या पृष्ठभागावरच्या काट्याचं जवळपास निम्मं वजन साखरेच्या साखळ्यांचं असतं आणि त्या आपल्याच पेशीने चढवलेल्या असतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीला ते घरचंच माणूस वाटतं. अँटिबॉडीला दोन हात असतात, दोन्हींनी धरलं की पकड घट्ट बसते. इथे काटेच जेमतेम डझन-दीड डझन, तेही लांब लांब. एका हाताने धरावं लागतं आणि ते सुटतं. आणि घुसतो कुठे, तर संरक्षणाची सूत्रं हलवणाऱ्या सीडी४ पेशीत. तिच्या डीएनएमध्ये जाऊन गप्प बसतो. आमच्याकडे व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वर्षानुवर्षं सापडण्यापलीकडे गेलेल्या माणसाने गोळ्या सोडल्या, तर बहुधा काही आठवड्यांतच विषाणू परत दिसायला लागतो. म्हणून लसीला त्याला उंबरठ्यावरच अडवावं लागतं. एकदा आत बसला की संधी गेली.

1984 मध्ये अमेरिकेच्या आरोग्यमंत्र्यांनी दोन वर्षांत लस चाचणीला तयार होईल अशी आशा व्यक्त केली होती. 2009 मध्ये थायलंडमधल्या सोळा हजारांहून अधिक लोकांच्या चाचणीत 31 टक्के संरक्षण दिसलं. त्याच वाटेने दक्षिण आफ्रिकेत घेतलेली चाचणी 2020 मध्ये थांबवावी लागली, 2023 मध्ये आणखी एक मोठी चाचणी थांबली. ती बातमी वाचली त्या दिवशी कामात माझं लक्ष नव्हतं.

पण धागा तुटलेला नाही. काही बाधितांच्या शरीरात, कित्येक वर्षांनी का होईना, विषाणूच्या नाना रूपांना अडवणाऱ्या अँटिबॉडी तयार होतात. त्यांना स्वतःला त्याचा फारसा उपयोग होत नाही. शास्त्रज्ञांना मात्र वाट दिसली. अशा अँटिबॉडी पुढे ज्यांच्यातून तयार होतात त्या सुरुवातीच्या पेशी शोधून त्यांना लसीच्या वेगवेगळ्या मात्रांनी पायरीपायरीने घडवायचं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्रा घेतलेल्या 36 पैकी 35 जणांमध्ये पहिली पायरी साधली. पुढच्या पायऱ्या अजून चढायच्या आहेत आणि नेमक्या याच वेळी, मे 2025 मध्ये, अमेरिकी सरकारने या कामातल्या दोन मोठ्या संशोधन गटांचा निधी पुढे न चालवण्याचं ठरवलं.

म्हणून हे पत्र. आपल्या देशात प्रामुख्याने एचआयव्हीचा 'सी' उपप्रकार आढळतो. देशातली पहिली एचआयव्ही लस चाचणी 2005 मध्ये पुण्यात सुरू झाली. त्या लसीचा प्रतिसाद तोकडा पडला, पण निरोगी माणसांनी तिच्यासाठी दंड पुढे केला होता, हे मी विसरू शकत नाही. पुण्यात आणि फरीदाबादला या विषयाची जाण असलेली माणसं आहेत. त्यांना दर दोन-तीन वर्षांनी प्रकल्पाच्या मुदतवाढीसाठी झगडावं लागू नये. लस संशोधनासाठी निदान पंधरा वर्षांचा हमीचा निधी जाहीर करा. एखादी चाचणी फसली म्हणून तो आटणार नाही, हे त्यात लेखी असू द्या. आपल्या रुग्णांमधल्या विषाणूंचे नमुने, अर्थात त्यांच्या संमतीने आणि नाव गुप्त ठेवून, नियमित तपासले जाऊ देत. लस कुठेही घडली तरी ती इथल्या विषाणूवर चालते का, हे आपल्याला आधी कळायला हवं.

त्या बाईची मुलगी यंदा दहावीला आहे. तिची तपासणी निगेटिव्ह आहे. आईने लसीचं विचारलं, ते तिच्यासाठी.

आपली,
एक समुपदेशक