मारबतीची छायाचित्रे व्हॉट्सॲपवर मागवू नयेत

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या, म्हणजे मोठ्या पुतळ्यांच्या, मिरवणुकीची जुनी छायाचित्रे वाचकांनी व्हॉट्सॲपवर पाठवावीत, असे आवाहन आपल्या दैनिकात वाचले. उपक्रम स्तुत्यच आहे. मात्र छायाचित्रे मागवण्याची पद्धत बदलावी, एवढी विनंती करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. 2005 पासून मी दर वर्षी पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कॅमेरा घेऊन इतवारीत जातो. इतर छायाचित्रे धरून माझा संग्रह आता साठ हजारांवर गेला आहे आणि तो सांभाळताना केलेल्या चुकांतूनच ही विनंती सुचली आहे.

सुरुवातीला हा सगळा संग्रह पिकासा या छायाचित्रे सांभाळण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. चित्राखाली ओळ लिहायची, आवडलेल्या चित्राला तारा द्यायचा, थोडी काटछाट करायची, एवढे त्यात सहज जमत असे. 2016 मध्ये गूगलने पिकासा बंद केले आणि मी लाइटरूम या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आलो, तेव्हा चित्राखालच्या ओळी सोबत आल्या, तारे मात्र मागेच राहिले. पिकासा ती ओळ जेपेग फाइलच्या आतच लिहीत असे. ताऱ्याची नोंद मात्र फोल्डरमधल्या एका वेगळ्या फाइलीत होई आणि तिचा नव्या सॉफ्टवेअरला काही उपयोग नव्हता. 2006 च्या एका चित्राखाली मी लिहून ठेवले होते, ‘नेहरू पुतळा, दोन्ही मारबतींची भेट, डावीकडच्या छत्रीखाली बाबा.’ चित्रात छत्रीच दिसते, बाबा दिसत नाहीत. ती ओळ गेली असती, तर ती छत्री कोणाची हे आज मलाही सांगता आले नसते.

एवढे होऊनही पुढची चूक मी केलीच. लाइटरूमच्या कॅटलॉगमध्ये छायाचित्रे नसतात. कोणती फाइल कुठल्या डिस्कवर, कुठल्या फोल्डरमध्ये आहे आणि तिच्यावर काय संस्कार (उजेड, रंग, काटछाट असे बदल) केले आहेत, याची ती नुसती वही असते. डिस्क भरत आली म्हणून मी 2009 ते 2014 चे फोल्डर विंडोजमधून परस्पर दुसऱ्या डिस्कवर हलवले आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या फोल्डरांवर प्रश्नचिन्हे उमटली. फोल्डरवर उजवी कळ दाबून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडले असते आणि नवी जागा दाखवली असती, तर काम पाच मिनिटांचे होते. मी घाबरून तीच छायाचित्रे नव्याने आयात केली. प्रत्येक चित्राची दुसरी नोंद तयार झाली, तीही कोरी. आणि जुन्या-नव्या नोंदी निस्तरण्यात अख्खा उन्हाळा गेला. (नागपूरच्या मे महिन्यात दुपारी कूलरसमोर बसून करण्यासारखे दुसरे कामही नसते म्हणा.)

तेव्हापासून कॅटलॉगच्या सेटिंगमध्ये बदल आपोआप एक्सएमपीत, म्हणजे फाइलसोबत राहणाऱ्या नोंदीत, लिहिण्याचा पर्याय मी चालू ठेवला आहे. त्यामुळे ओळी, कीवर्ड (शोधण्यासाठी चित्राला जोडलेले शब्द) आणि संस्कार जेपेगच्या आत, तर रॉ फाइलच्या (कॅमेऱ्याच्या प्रक्रिया न केलेल्या मूळ फाइलच्या) शेजारी एका छोट्या फाइलीत उतरतात. कलेक्शन (चित्रांचे निवडक गट) आणि व्हर्च्युअल कॉपी (एकाच फाइलची कॅटलॉगमधली दुसरी आवृत्ती) त्यात येत नाहीत, म्हणून कॅटलॉगचा बॅकअपही लागतोच. मात्र सॉफ्टवेअर बंद करताना घेतला जाणारा तो बॅकअप त्या वहीचा असतो, छायाचित्रांचा नव्हे. माझ्या ओळखीतल्या दोघा-तिघांना हे डिस्क बिघडल्यावरच कळले.

कीवर्डांची गंमत वेगळीच आहे. मी कधी रोमन लिपीत ‘मारबत’ लिहिले, कधी त्याच्या शेवटी एक जास्तीचा ‘एच’ जोडला, तर मराठी कळफलक आल्यावर देवनागरीत लिहिले. सॉफ्टवेअरच्या लेखी हे तीन निरनिराळे शब्द झाले आणि एक शोधला की बाकीची चित्रे गायब होत. मारबतीसोबत मिरवणुकीत निघणाऱ्या पुतळ्याच्या, म्हणजे ‘बडग्या’च्या, शब्दाचेही तेच. आता मी देवनागरी शब्द कायम ठेवून रोमन रूपे त्याच कीवर्डच्या पर्यायी शब्दांच्या रकान्यात टाकली आहेत.

आता विनंतीकडे वळतो. व्हॉट्सॲपवर छायाचित्र नेहमीच्या पद्धतीने पाठवले, की त्याचा आकार घटतो आणि कॅमेऱ्याने नोंदवलेली तारीख व फाइलच्या आत लिहिलेली ओळ, दोन्ही पुसली जातात. आपल्याकडे शेकडो मारबती जमा होतील, पण त्यातली कोणती कोणत्या साली निघाली आणि समोरचा बडग्या कोणावर बेतलेला होता, हे ओळखणे अवघड होऊन बसेल. बडग्या दर वर्षी नवा असतो आणि त्या-त्या वर्षीच्या गाऱ्हाण्यावर असतो. साल हरवले तर त्याचा अर्थच लागत नाही. तेव्हा छायाचित्रे ई-मेलने मागवावीत, किंवा व्हॉट्सॲपवरच हवी असतील तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ अशी सूचना आवाहनात छापावी. कागदी छायाचित्रे स्कॅन करून पाठवणाऱ्यांना साल, चौक आणि बडग्याचा विषय वेगळा लिहून पाठवायला सांगावे, कारण स्कॅनच्या फाइलीत तारीख स्कॅन केल्याच्या दिवसाची पडते.

माझी अकरा छायाचित्रे मूळ फाइलींसह आपल्या ई-मेलवर पाठवली आहेत. छत्रीचे त्यात सातवे आहे.

आपला नियमित वाचक,
एक निवृत्त शिक्षक, प्रतापनगर, नागपूर