हॉस्पिटलजवळ घर हवं आहे: बे एरियातल्या मराठी मंडळींना आवाहन

सप्रेम नमस्कार,

मेंदूच्या गाठीवरच्या कार-टी उपचारासाठी (रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशी बदलून त्याला परत देण्याचा उपचार) पालो अल्टोला येणाऱ्या कुटुंबांकरिता आपल्या मंडळाला घरं, गाड्या, डबे आणि पैसे हवे आहेत. ही कुटुंबं मराठीच असतात असं नाही आणि मदत करताना आपण ते विचारत नाही. हे काम रुग्णाला भेटून सफरचंदं देऊन येण्यासारखं नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

ही गाठ म्हणजे डीआयपीजी. मुख्यतः लहान मुलांना होणारी ही गाठ ब्रेनस्टेममध्ये, म्हणजे मेंदूला पाठीच्या कण्याशी जोडणाऱ्या देठात असते. श्वास, गिळणं, डोळ्यांची हालचाल ज्या भागातून चालते, त्याच भागात ती चांगल्या पेशींच्या मध्ये शिरून वाढते. त्यामुळे शस्त्रक्रियेने काढता येत नाही. रेडिएशनने काही महिने बरे जातात. निदानानंतर बहुतेक मुलं जेमतेम वर्षभर जगतात. आईवडिलांना हे पहिल्या काही दिवसांतच सांगितलेलं असतं.

पालो अल्टोजवळच्या स्टॅनफर्ड विद्यापीठात डॉ. मिशेल मोन्ये आणि डॉ. क्रिस्टल मॅकॉल यांच्या गटांना २०१८ मध्ये या गाठीच्या पेशींवर जीडी२ नावाची खूण भरपूर प्रमाणात सापडली. रुग्णाच्या स्वतःच्या रक्तातल्या टी पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढायच्या, त्यांना ही खूण ओळखायला लावायचं आणि परत शरीरात सोडायच्या, असा हा उपचार. उंदरांमध्ये गाठी विरघळल्या, पण काही उंदीर मेंदूला आलेल्या सुजेने दगावले. औषध काम करतं म्हणूनच सूज येते आणि ब्रेनस्टेममध्ये सुजेला जागा नाही. माणसांवरची पुढची सगळी आखणी या एका भीतीभोवती झाली आहे.

म्हणून डोक्याच्या त्वचेखाली ओमाया रिझर्व्हॉयर बसवतात. शर्टाच्या मोठ्या गुंडीएवढा फुगीर भाग, खाली मेंदूच्या पोकळीत जाणारी बारीक नळी. डॉक्टर बोटाने चाचपून तिथे सुई घालतात. या एकाच वाटेने दाब मोजता येतो, वाढला तर मेंदूभोवतीचं पाणी काढता येतं आणि पेशीही सोडता येतात. माणसांवरच्या चाचणीत पहिला डोस शिरेतून दिला गेला. त्यात किलोमागे ३० लाख पेशींचा डोस जास्त ठरला, म्हणून शिरेतून १० लाखांवरच थांबले. पुढचे डोस ओमायातून थेट मेंदूच्या पाण्यात दिले, तेव्हा अंगभर उठणारा ताप आणि रक्तदाब घसरणं बरंच कमी झालं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या अहवालानुसार ११ रुग्णांपैकी ९ जणांना फायदा दिसला. एकाची गाठ पूर्ण नाहीशी झाली. बाकीच्यांपैकी अनेकांचं आजारपण नंतर पुन्हा बळावलं. हा सिद्ध झालेला इलाज नाही, चाचणी आहे. कोणाला तिच्यात घ्यायचं हे फक्त डॉक्टर ठरवतात. कृपया मंडळाच्या ओळखीने कोणाला आत घ्यायची विनंती करू नका, आणि भारतातल्या नातेवाइकांना नुसत्या बातमीवर विमानाचं तिकीट काढायला सांगू नका. आधी कागदपत्रं हॉस्पिटलकडे पाठवू द्या.

आता आपलं काम. पेशी दिल्यावर मूल पहिले काही दिवस आत असतं. त्यानंतर साधारण महिनाभर हॉस्पिटलच्या अगदी जवळ राहावं लागतं आणि सोबत एक मोठं माणूस चोवीस तास लागतं. गाठ सुजली की आधीचीच लक्षणं वाढतात: एक डोळा जास्त तिरळा होतो, पाणी पिताना ठसका लागतो, सकाळी चालणारं मूल दुपारी भिंत धरतं. कधी नुसतंच फार झोपतं. ते ओळखून लगेच नेलं, तर पाणी काढून आणि औषधं देऊन बहुतेक वेळा सावरता येतं. रात्री दोन वाजता ट्रेसीहून किंवा सॅन होजेच्या दुसऱ्या टोकाहून निघण्यात जो वेळ जातो, तो या मुलांकडे नसतो. पेशींचा खर्च चाचणीतून होतो, पण या भागातलं महिन्याचं भाडं घरच्यांच्याच माथी येतं. त्यात दोघांपैकी एकाची नोकरी सुटलेली असते.

पालो अल्टो, मेन्लो पार्क, माउंटन व्ह्यू किंवा लॉस अल्टोसमध्ये कोणाचं इन-लॉ युनिट (घराच्या आवारातलं छोटं स्वतंत्र घर), रिकामी खोली, सुट्टीत बंद राहणारं घर असेल तर कळवा. जिने नकोत, बाथरूम स्वतंत्र हवी. रात्री फोन उचलतील असे ड्रायव्हरही हवेत, पाळी लावून देऊ. घरात कोणाला साधी सर्दी असेल, तर त्या आठवड्यात जाऊ नका. पेशी देण्याआधीच्या केमोमुळे मुलाची प्रतिकारशक्ती खालावलेली असते.

डबा देणाऱ्यांनी ताजं, गरम आणि पूर्ण शिजवलेलं द्यावं. मुगाची खिचडी, दुधीची भाजी, मऊ भात. वरून कच्ची कोथिंबीर नको, कोशिंबीर नको, घरी लावलेलं दही नर्सला विचारल्याशिवाय नको. गिळायला त्रास असेल तर किती पातळ हवं ते आई सांगेल, तेवढंच करा.

त्याच केमोने प्लेटलेटही घसरतात आणि त्या फार दिवस साठवता येत नाहीत. स्टॅनफर्ड ब्लड सेंटरमध्ये नाव नोंदवा. नुकतेच भारतातून आला असाल तर मलेरियामुळे थांबायला सांगतील, म्हणून फोन करून मगच जा.

पैशांपैकी भाडं सोडून बाकी रक्कम पेट्रोल, पार्किंग आणि किराणा यांवर जाते. महिन्याला २५ डॉलर बांधून दिलेत तर एकदाच दिलेल्या मोठ्या रकमेपेक्षा आम्हाला जास्त उपयोग होतो, कारण भाड्याचा करार आधीच करता येतो. तुमच्या कंपनीत देणगी मॅचिंग (तुम्ही द्याल तेवढीच रक्कम कंपनीनेही देणं) असेल तर तो अर्ज जरूर भरा. बरेच जण हे विसरतात आणि तेवढीच रक्कम हातची जाते.

एक कळकळीची विनंती. मुलाचं नाव, फोटो, रिपोर्ट कुठल्याही व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, चांगल्या हेतूनेही नाही. ‘आता कसं आहे?’ हा प्रश्न घरच्यांना दिवसातून दहा वेळा विचारू नका. निरोप समिती देईल.

घर, गाडी किंवा डब्यासाठी कार्यकारिणीतल्या कोणालाही फोन करा किंवा रविवारच्या मराठी शाळेत मदतीच्या टेबलावर नाव लिहा. घर देणार असाल तर कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, एवढं मात्र तेव्हाच लिहून द्या.

आपली,
मदत समिती