पहिल्या तासातले दूध आणि रुग्णालयांचा शिरस्ता

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे रुग्णालयांत किंवा आरोग्य केंद्रांत होतात. पण जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळते ते केवळ ४१.८ टक्के बाळांना. म्हणजे या उशिराचा दोष घरातल्या जुन्या समजुतींवर टाकून भागणार नाही. हा उशीर बहुतांशी आपल्या रुग्णालयांतच होतो आहे.

प्रसूती विभागात परिचारिका म्हणून नोकरी केल्यामुळे तो कसा होतो, हे मी जवळून पाहिले आहे. नाळ कापली की बाळाला ऊब देणाऱ्या वॉर्मरखाली नेतात; मग पुसणे, वजन, इंजेक्शन, हाताला पट्टी बांधणे आणि दुपट्यात गुंडाळून बाहेर नातेवाइकांना दाखवणे. सिझेरियन असेल तर टाके घालून आईला खोलीत आणेपर्यंत आणखी वेळ जातो आणि जन्मताच टक्क जागे असलेले, तोंड उघडून दूध शोधणारे बाळ तोवर गाढ झोपी गेलेले असते. याच सर्वेक्षणानुसार खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के बाळंतपणे सिझेरियनने होतात हे लक्षात घेतले, तर हा प्रश्न किती घरांचा आहे ते कळेल. वास्तविक कमरेत भूल दिलेली आई पूर्ण शुद्धीवर असते. तिची आणि बाळाची प्रकृती ठीक असल्यास बाळाला शस्त्रक्रियेच्या टेबलावरच तिच्या छातीशी उघड्या अंगाने ठेवता येते. वजन तासाभराने केले तरी काही बिघडत नाही.

खरी परीक्षा पहिल्या रात्री असते. एका हाताला सलाइन, पोटाला टाके, कूस बदलता येत नाही, बाळ रडते आहे, सोबतची बाई म्हणते, "हिला दूधच उतरलं नाही," आणि बाळाचे वडील औषधाच्या दुकानातून पावडरचा डबा घेऊन येतात. त्या वेळी कोणी पाठीशी उशी लावून तिला कुशीवर वळवले आणि बाळाची हनुवटी स्तनाला टेकवून केवळ बोंडी नव्हे, तर भोवतालचा काळा भागही त्याच्या तोंडात जाईल असे धरले, तर बहुतेक बाळे ओढू लागतात. पहिल्या दिवशी एका वेळी चमचाभर चिकाचे दूधही बाळाला पुरते, हे आईला प्रसूतीपूर्वीच सांगितलेले असावे. पण रात्रपाळीला एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असताना हे करायचे कोणी? म्हणून केवळ प्रशिक्षण पुरेसे नाही. रात्री स्तनपानासाठी वेळ देऊ शकेल असे माणूस नेमावे लागेल.

जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी रुग्णालयांत स्तनपान यशस्वी व्हावे यासाठी दहा पायऱ्या १९८९ मध्येच सांगितल्या आणि २०१८ मध्ये सुधारून दिल्या. स्तनपानाला प्रोत्साहन देणारा केंद्राचा 'मा' कार्यक्रम २०१६ पासून आहे. त्याच १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने आशियातील पहिली मातृदुग्धपेढी, म्हणजे इतर मातांनी दान केलेले दूध गरजू बाळांना देणारी सोय, सुरू झाली. आईचे दूध मिळू न शकणाऱ्या अशक्त बाळांसाठीही पावडरीआधी दुसरा मार्ग आहे, हे आपल्याच राज्यातल्या सरकारी रुग्णालयाने दाखवून दिले. शिवाय १९९२ चा कायदा, २००३ च्या दुरुस्तीसह, दूधपावडर व बाटल्यांची जाहिरात, मोफत नमुने आणि डॉक्टर-परिचारिकांना कंपन्यांच्या भेटवस्तू यांना मनाई करतो.

वैद्यकीय कारणाने वरचे दूध द्यावे लागणारी बाळे असतात, आणि त्यांच्या आयांना अपराधी वाटायला लावणे हा अन्यायच आहे. परंतु ते कारण डॉक्टरांनी लिहिलेले असले पाहिजे. माझी आरोग्य विभागाला विनंती आहे की, सरकारी असो वा खासगी, प्रत्येक प्रसूतिगृहाला डिस्चार्ज कार्डावर दोन नोंदी सक्तीच्या कराव्यात: बाळाला पहिले स्तनपान किती वाजता झाले, आणि वरचे दूध दिले असल्यास ते कोणाच्या सहीने व कशासाठी. नर्सिंग होमच्या नोंदणीचे नूतनीकरण करताना या नोंदी तपासाव्यात.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका