टिटवीला वगळून कासवाची गोष्ट

दोन हंस आणि बडबड्या कासवाची गोष्ट हल्ली मुलांसमोर ‘फार बोलू नये’ एवढ्यावर आटोपली जाते. पंचतंत्रात ती ‘मित्रभेद’ या पहिल्या तंत्रात येते आणि ती सांगते टिटवी. समुद्रकाठी अंडी घालण्यातला धोका नवऱ्याला पटावा म्हणून. हितचिंतकांचे न ऐकणारा काठीवरून पडलेल्या कासवासारखा नाश पावतो, असे ती आधीच बजावते. टिटवा ऐकत नाही आणि समुद्र अंडी नेतो. सल्ला धुडकावणाऱ्यालाच सांगितलेली सल्ल्याची गोष्ट, हे या रचनेचे खरे सौंदर्य!

म्हणून सांगणाऱ्यांनी सुरुवात टिटवीपासून करावी. उड्डाणाआधी थांबून हंसांची अट मुलांकडून वदवून घ्यावी: काठी मधोमध दातांत धरायची, उतरेपर्यंत तोंड उघडायचे नाही. थेट उड्डाणापासून सुरू केले की अट ठाऊकच नसते आणि पडणे हा नुसता अपघात वाटतो. खालच्या लोकांचा गलका सावकाश वाढवावा, कासवाचा निश्चय तिथेच ढळतो.

पाली भाषेतल्या कच्छप जातकात (बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांपैकी क्रमांक २१५) हीच कथा बडबड्या राजाला त्याचा अमात्य सांगतो, आणि तो राजा सुधारतो. कथाकथन स्पर्धांच्या आयोजकांनी टिटवीचा प्रसंग गाळू देऊ नये, ही कळकळीची विनंती.