माझा आवाज घडवणाऱ्या मॅडमना अनावृत पत्र

आदरणीय मॅडम,

सादर नमस्कार.

आपले आभार मी याआधीही मानले आहेत, परंतु ते निरोप घेताना, घाईत आणि दोन ठरावीक शब्दांत मानले. आपण माझ्यासाठी नेमके काय केले हे सविस्तर सांगितल्याखेरीज त्या आभारांना फारसा अर्थ नाही. शिवाय माझ्यासारख्या ज्या ट्रान्स स्त्रिया, म्हणजे जन्मतः पुलिंगी ठरवल्या गेलेल्या पण स्त्री असलेल्या, आज आपल्यासारख्या स्पीच थेरपिस्टकडे (आवाज आणि बोलणे यांवर उपचार करणाऱ्या तज्ज्ञांकडे) जावे की न जावे या विचारात आहेत, त्यांच्याही ते वाचनात यावे, म्हणून हे पत्र सर्वांसमोर ठेवीत आहे.

आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक ट्रान्स स्त्रियांप्रमाणे माझीही एकच मागणी होती: आवाज बारीक झाला पाहिजे. हॉर्मोनच्या उपचाराने त्वचा मऊ होते, चेहऱ्याची ठेवण हळूहळू बदलते, पण आवाज बदलत नाही, एवढे मला डॉक्टरांकडून कळले होते. त्याचे कारण मात्र आपण समजावले. वयात येताना टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हॉर्मोनमुळे स्वरतंतू लांब आणि जाड होतात, स्वरयंत्र मोठे होऊन गळ्यात खाली उतरते, आणि एकदा झालेली ही वाढ पुढे कितीही काळ इस्ट्रोजेन हे स्त्री-हॉर्मोन घेतले तरी माघारी जात नाही. तेव्हा हाती उरतो तो सराव. आता सराव कशाचा करायचा, या प्रश्नाला आपण जे उत्तर दिले त्याबद्दल मी आपली सर्वाधिक ऋणी आहे.

आपण आधी आकडे सांगितले आणि मग त्यांचा मोह सोडायला लावला. पुरुषांच्या बोलण्याचा मूळ स्वर साधारणपणे १०० ते १३० हर्ट्झच्या (म्हणजे सेकंदाला तेवढ्या कंपनांच्या) आसपास असतो, स्त्रियांचा १८० ते २२०च्या आसपास, आणि मधल्या टापूत ऐकणारा माणूस इतर खुणांवरून निर्णय करतो. मोबाइलवर स्वर मोजणारे अ‍ॅप घेऊन २००चा आकडा गाठणे ही त्यामुळे कोणालाही सरळ वाट वाटते. पण उंच पट्टीत बोलणारा पुरुष पुरुषच वाटतो आणि खर्जात बोलणारी स्त्री स्त्रीच वाटते, याकडे आपण लक्ष वेधले. तंबोऱ्याची तार कितीही पिळली तरी भोपळा लहान होत नाही, असे आपण म्हणालात, आणि त्या एका वाक्याने माझ्या पुढच्या सगळ्या सरावाची दिशा ठरली. स्वरतंतूंपासून ओठांपर्यंतची पोकळी पुरुषांत सुमारे १७ सेंटिमीटर असते आणि स्त्रियांत ती त्याहून दोन-तीन सेंटिमीटरने कमी भरते. आवाज बाईचा की पुरुषाचा, हे कान बऱ्याच अंशी या पोकळीच्या अनुनादावरून, म्हणजे आवाज तिच्यात कसा घुमतो यावरून, ओळखतो.

ही पोकळी आतून लहान कशी करायची, हे शब्दांत सांगणे अवघड आहे, म्हणून आपण ते बोटांनी शिकवलेत. कंठमण्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळायचा, स्वरयंत्र वर सरकते ते बोटाला कळते, मग गिळण्याचा भाग सोडून देऊन त्या उंचीचा थोडासाच अंश टिकवायचा. त्यानंतर बोलायचे नाही, फक्त कुजबुजायचे. कुजबुजण्यात स्वरतंतू कंप पावत नाहीत, त्यामुळे पट्टी नावाची गोष्टच उरत नाही आणि कानाला केवळ पोकळी ऐकू येते. कुजबुजत ‘ऊ’ म्हणून तिथून ‘ई’कडे गेले की आवाज चढल्यासारखा वाटतो; स्वर मुळात नाहीच, चढली ती जीभ, आणि ती पुढे आल्याने तोंडातली जागा बदलली. हा फरक मला ज्या दिवशी प्रथम ऐकू आला त्या दिवशी आपण माझ्याकडून एक शब्दही बोलून घेतला नाहीत, नुसते ऐकायला लावलेत. आधी कान तयार करायचा आणि मग गळा, हा क्रम आपण शेवटपर्यंत मोडला नाहीत. माझ्या मते या शिक्षणातला अवघड भाग तोच आहे, कारण आपल्या स्वतःच्या आवाजाबाबत आपलेच कान सर्वांत अविश्वासू असतात. तो आपल्याला हवेतून येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडे खालचे स्वर अधिक पोहोचवतात. म्हणून आपण रेकॉर्डिंगचा आग्रह धरलात, आणि ते ऐकताना माझे तोंड कसे होते हे पाहूनही तो सोडला नाहीत.

आवाजाचे ‘वजन’ हा आपला दुसरा धडा. स्वरतंतू एकमेकांवर जाडजूड, दाबून आपटले की आवाज भारी येतो, आणि केवळ कडांनी हलके मिटले की तो हलका येतो. हलकेपणाच्या नादात आवाज पोकळ, हवेने भरलेला किंवा खोटा बारीक झाला, म्हणजे नाटकात पुरुष बाईची नक्कल करताना काढतो तसा झाला, की आपण तिथेच थांबवीत असा. थांबवताना आपण कधी हसला नाहीत, हे मी मुद्दाम नमूद करते. ज्या आवाजाची चेष्टा होईल या भीतीने माणूस वर्षानुवर्षे कमी बोलतो, तो आवाज कोणापुढे अर्धवट अवस्थेत काढून दाखवणे किती अवघड असते, हे आपल्याला न सांगता कळले होते.

गळ्याची काळजी हा विषय आपण कधीही दुय्यम मानला नाहीत. सरावाला हात घालण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून स्वरतंतूंची तपासणी करून घ्यायला लावलीत. मानेच्या शिरा ताठ दिसल्या की सराव बंद, हा आपला नियम. घसा खाकरण्याची सवय घालवून त्याऐवजी पाण्याचा घोट घ्यायला शिकवलेत. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर सराव न रेटता डॉक्टर गाठायचा, हेही बजावलेत. आणि स्ट्रॉ! ग्लासभर पाण्यात स्ट्रॉचे टोक बुडवून त्यातून सूर काढत बुडबुडे सोडायचे, हा उद्योग घरातल्यांना पोरखेळ वाटला. परंतु अरुंद नळीमुळे मागे येणारा दाब स्वरतंतूंना आघात न होता मिटायला मदत करतो, आणि म्हणूनच आवाजाचे कष्ट करणारे गायकही हा व्यायाम करतात, हे आपण सांगितल्यावर मी तो निःशंकपणे, प्रसंगी पाहुण्यांसमोरही केला.

मराठीत बोलणाऱ्या बाईची एक अडचण आपण ओळखलीत, ती मला कुठल्याही व्हिडिओत सापडली नसती. ‘मी जाते’, ‘मी आले’, ‘मी सांगणार होते’ असे आपले क्रियापद वाक्याच्या अगदी शेवटी येते आणि बोलणारी बाई आहे हे तिथेच उघड होते. नेमका त्याच जागी श्वास संपत आलेला असतो, स्वर खाली घसरतो आणि जुना, घरघरणारा, जड आवाज परत डोके काढतो. वाक्याची सुरुवात सुरेख आणि शेवटचे ‘होते’ खर्जात, असा प्रकार माझ्या प्रत्येक रेकॉर्डिंगमध्ये होता. त्यावर आपण लांब वाक्ये तोडायला, मध्ये श्वास घ्यायला आणि शेवटचे अक्षर खाली सोडण्याऐवजी किंचित वर ठेवायला शिकवलेत. महत्त्वाचा शब्द जोराने दाबण्यापेक्षा सुराच्या चढउताराने उठवायचा, हेही त्याच ओघात आले. या एका दुरुस्तीने जेवढा फरक पडला तेवढा पट्टी चढवून पडला नव्हता.

फोनचे कोडेही आपणच सोडवलेत. समोरासमोर ‘ताई’ म्हणणारी माणसे फोनवर ‘सर’ म्हणत, आणि मी फोनवर आणखी वरच्या पट्टीत बोलू लागे. जुन्या पद्धतीच्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा जातो. म्हणजे माझा मूळ स्वर, १२० असो वा २००, तारेतून जातच नाही. ऐकणाऱ्याचा मेंदू तो वरच्या स्वरांवरून जुळवून घेतो, आणि समोर चेहरा नसल्याने अनुनादावर अधिकच विसंबतो. हे कळल्यावर फोनची भीती निम्मी कमी झाली, कारण नेमके काय सुधारायचे ते कळले.

शस्त्रक्रियेबद्दल मी विचारले तेव्हा आपण तिची बाजूही प्रामाणिकपणे मांडलीत. जपानचे नोबुहिको इशिकी यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या थायरोप्लास्टीच्या, म्हणजे स्वरयंत्राच्या कूर्चेवरील शस्त्रक्रियेच्या, प्रकारांपैकी चौथ्या प्रकारात स्वरतंतू ताणून स्वर चढवला जातो, तर वेंडलर यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेत स्वरतंतूंचा पुढचा भाग शिवून कंप पावणारी लांबी कमी केली जाते. दोन्हींत पट्टी बदलते, अनुनाद आणि बोलण्याची लय बदलत नाही, त्यामुळे सराव टळत नाही. निर्णय मात्र आपण माझ्यावर सोपवलात. ट्रान्स व्यक्तींच्या आरोग्यासाठी डब्ल्यूपाथ या संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक तत्त्वांच्या आठव्या आवृत्तीत आवाज आणि संवाद यांवर स्वतंत्र प्रकरण आहे, हे आपण माझ्या घरच्यांना सांगितलेत, आणि त्यानंतर ‘ही कसली हौस’ हा प्रश्न घरात पुन्हा निघाला नाही.

आपण मला कोणा दुसऱ्या बाईचा आवाज दिला नाहीत, याबद्दलही कृतज्ञता व्यक्त केली पाहिजे. कसे ऐकू यावेसे वाटते, असे विचारून आपण मला उत्तर शोधायला भरपूर वेळ दिलात. मला गोड, नाजूक आवाज नको होता; वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा, थोडा करडा, पण बाईचा आवाज हवा होता. तसा तो आता बऱ्याच वेळा असतो. थकवा आला, राग आला की निसटतो, आणि निसटला तर परत कसा आणायचा हे ठाऊक असल्याने मी बोलायची थांबत नाही.

हसणे अजून पूर्ण साधलेले नाही. शिंक तर अजिबात बदललेली नाही. पण शिंकेवर मेहनत घेऊ नका, तेवढी सूट स्वतःला द्या, असे आपणच सांगितले होते, आणि ती सूट मी मोकळ्या मनाने घेत आहे.

आपली कृतज्ञ,
एक विद्यार्थिनी