श्रीलंकेतील प्रांतिक निवडणुका आणखी किती लांबणार?

मा. संपादक,
स. न.

पंतप्रधान राजीव गांधी आणि श्रीलंकेचे राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी 29 जुलै 1987 रोजी कोलंबोत तिथल्या तमिळ प्रश्नावरच्या करारावर सह्या केल्या. तो अमलात आणायला गेलेल्या भारतीय शांतिसेनेत मी सिग्नल विभागात होतो, उत्तर श्रीलंकेतल्या वावुनियाला. आपले अकराशेहून अधिक जवान तिथून परतले नाहीत. त्या कराराचे पुढे काय झाले, हे विचारणे मी माझे कर्तव्य समजतो.

करारामुळे श्रीलंकेच्या घटनेत तेरावी दुरुस्ती झाली. प्रांतिक परिषदा आल्या, तमिळलाही राजभाषेचा दर्जा मिळाला. जमीन आणि पोलीस हे विषयही कागदावर प्रांतांकडे आले, पण ते अधिकार कुठल्याच सरकारने हातचे सोडले नाहीत. उत्तर प्रांताला स्वतःची परिषद निवडायला 2013 साल उजाडले. आणि आता तर 2019 नंतर नऊपैकी एकाही प्रांतात निवडून आलेली परिषद नाही. राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले गव्हर्नर कारभार पाहतात. 2017 मध्ये निवडणूक पद्धत बदलली, नव्या मतदारसंघांचा अहवाल पुढच्या वर्षी संसदेने फेटाळला, जुनी पद्धत तर रद्दच झालेली. तिथे गाडे अडले ते अडलेच.

वावुनियात आमच्या ठाण्याजवळ एक निवृत्त तमिळ पोस्टमास्तर राहत. 1956 च्या ‘फक्त सिंहली’ कायद्यानंतर सिंहलीची परीक्षा दिल्याशिवाय त्यांची बढती होईना. पेन्शनचे पत्र सिंहलीत यायचे, ते गावातल्या बेकरीवाल्याकडून वाचून घ्यावे लागे. आयुष्यभर लोकांची पत्रे पोहोचवलेला माणूस! 1957 मध्ये पंतप्रधान बंडारनायके आणि तमिळ नेते चेल्वनायकम यांच्यात प्रादेशिक परिषदांचा करार झाला, तेव्हा सगळे मिटले असे त्यांना वाटले होते. बौद्ध भिक्खूंनी विरोध करताच वर्षभरात पंतप्रधानांनी तो मोडला. “तुमच्या पंतप्रधानांची सही तरी टिकेल ना?” असे ते मला विचारत. मी छातीठोकपणे हो म्हणायचो.

वेगळ्या तमिळ राष्ट्रासाठी लढणाऱ्या तमिळ वाघांनी (एलटीटीई) या प्रश्नाचे वाटोळे केले, हेही मी तितक्याच स्पष्टपणे लिहितो. स्वतःच्याच समाजातले मवाळ नेते त्यांनी संपवले आणि 1990 मध्ये उत्तरेतल्या मुस्लिमांना घरादारातून हाकलून दिले. म्हणून पूर्व प्रांतात सत्ता वाटायची तर तमिळ, मुस्लिम आणि सिंहली अशा तिघांत वाटली पाहिजे. पण वाघांचा पाडाव 2009 मध्येच झाला. त्यांच्याकडे बोट दाखवून परिषदा रिकाम्या ठेवणे आता शोभत नाही.

प्रांतांना अधिकार दिले की देश फुटेल, ही भीती कोलंबोत अजून आहे. भाषावार राज्यांबद्दल दिल्लीलाही हीच भीती होती. 1960 मध्ये महाराष्ट्र झाला, जमीन आणि पोलीस राज्याकडेच राहिले, आणि इथल्याच घराघरांतून जवान सीमेवर जात राहिले.

नोव्हेंबर 2024 च्या संसदेच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष दिसानायके यांच्या आघाडीला 225 पैकी 159 जागा मिळाल्या. जाफना जिल्ह्यातही तीच पुढे होती. तमिळ मतदाराने इतका विश्वास टाकला आहे. दोन तृतीयांशांहून जास्त बहुमत हाती असताना जुन्या पद्धतीने निवडणूक घेण्याचा कायदा करायला अडचण कसली? आपल्या परराष्ट्र खात्याने ‘तेरावी दुरुस्ती लागू व्हावी’ एवढ्यावर न थांबता मतदानाची तारीख मागावी. करारावर सही भारताचीही आहे.

— एक निवृत्त सुभेदार, कोरेगाव (जि. सातारा)